घटनेच्या कसोटीवर कायदा: न्यायालयीन पुनर्विलोकनाचा निकाल कसा वाचावा

एखादा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला की बातमी दोन ओळींची असते आणि पुढची सारी चर्चा सरकार हरले की जिंकले या एकाच प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न गैर नाही. पण निकालपत्र स्वतः वाचायला घेतलेल्या माणसाने तो सर्वांत शेवटी विचारावा, असे मला मनापासून वाटते. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी बहुमताने संमत केलेला कायदा लोकांनी न निवडलेल्या मूठभर न्यायाधीशांनी रद्दबातल ठरवायचा, ही लोकशाहीतली साधीसुधी बाब नव्हे. ज्या न्यायालयाच्या दिमतीला सैन्य नाही आणि हाती तिजोरीही नाही, त्याला हे करता येते ते केवळ त्याने लिहून दिलेल्या कारणांच्या बळावर. म्हणूनच ती कारणे तपासण्याची विद्या वकिलांपुरती राहू नये. पुढे दिलेली पद्धत कायद्याचे शिक्षण नसलेल्या, पण चिकाटीने वाचणाऱ्या कोणालाही वापरता येईल.

सुरुवातीलाच एक फरक पक्का करून घ्यावा. अपिलात वरचे न्यायालय खालच्या न्यायालयाची चूक शोधते. न्यायालयीन पुनर्विलोकनात, म्हणजे कायदा किंवा आदेश घटनेशी ताडून पाहण्याच्या कामात, प्रश्न असतो तो असा: हा कायदा करण्याचा किंवा हा आदेश काढण्याचा अधिकार घटनेने त्या संस्थेला दिला होता का? कायदा शहाणपणाचा आहे की नाही, हे इथे ठरवायचे नसते. अविचाराने केलेला कायदाही घटनेत बसू शकतो आणि अत्यंत उपयुक्त कायदाही घटनेच्या मर्यादा ओलांडू शकतो. निकाल वाचताना हे भान सुटले की वाचक नकळत कायद्याच्या गुणदोषांवर वाद घालू लागतो आणि अधिकाराचा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

आधी उगम समजून घ्यावा

हा अधिकार एखाद्या दिवशी कोणी बहाल केलेला नाही. तो वापरातून घडत गेला. त्यामुळे त्याचा इतिहास ठाऊक नसेल, तर आजच्या निकालातील निम्मी वाक्ये कशासाठी लिहिली आहेत हेच कळत नाही.

इंग्लंडमध्ये थॉमस बॉनहॅम हा केंब्रिजमध्ये शिकलेला डॉक्टर लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा परवाना न घेता रुग्णांवर उपचार करत होता. कॉलेजने त्याला दंड केला आणि पुढे तुरुंगातही टाकले. 1610 साली एडवर्ड कोक या मुख्य न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल देताना एका साध्या गोष्टीवर बोट ठेवले: संसदेच्या कायद्यानुसार दंडाची निम्मी रक्कम कॉलेजलाच मिळणार होती, म्हणजे कॉलेज स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश झाले होते. संसदेचा कायदा सामान्य न्यायबुद्धीच्या विरुद्ध जात असेल, तर रूढ विधी, म्हणजे न्यायनिवाड्यांतून घडत आलेला कायदा, त्याला आवर घालील, असे कोक यांनी लिहिले. हे विधान इंग्लंडमध्ये रुजले नाही. 1688च्या क्रांतीनंतर तिथे संसदेचे सार्वभौमत्व प्रस्थापित झाले आणि कोक यांचा विचार मागे पडला.

अटलांटिकपलीकडच्या, अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमध्ये मात्र परिस्थिती निराळी होती. वसाहतींची विधिमंडळे राजाने दिलेल्या सनदेखाली चालत आणि त्यांनी केलेले कायदे लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल हे राजाचे सल्लागार मंडळ रद्द करू शकत असे. विधिमंडळाच्या डोक्यावर एक लेखी दस्तऐवज असतो आणि कायदा त्याच्याशी ताडून पाहता येतो, ही सवय तिथल्या वकिलांना स्वातंत्र्याआधीच लागली होती. 1776 नंतर राज्यांनी स्वतःच्या घटना लिहिल्या आणि काही वर्षांतच राज्यांच्या न्यायालयांनी त्या वापरायला सुरुवात केली. 1787 साली नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयाने बेयर्ड विरुद्ध सिंगलटन या खटल्यात राज्याचा एक कायदा लागू करण्यास नकार दिला, कारण जप्त मालमत्तेच्या वादात त्या कायद्याने ज्यूरीपुढे सुनावणीचा हक्क काढून घेतला होता. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी अमेरिकेच्या नव्या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेतील 78व्या लेखात यामागचा युक्तिवाद मांडला. घटना ही खुद्द लोकांची इच्छा आहे आणि कायदा ही त्यांच्या मुखत्यारांची. दोहोंत विसंगती असेल, तर न्यायालयाने मालकाचे ऐकावे, मुखत्याराचे नव्हे. न्यायपालिकेच्या हाती तलवारही नाही आणि थैलीही नाही, असे हॅमिल्टन यांनी तिथेच बजावले होते. त्याच सुमारास ब्रूटस या टोपणनावाने लिहिणाऱ्या विरोधकाने उलट इशारा दिला की, अशा न्यायाधीशांना आवरणारे वर कोणीच उरणार नाही. हे दोन्ही आवाज वाचकाने सोबत ठेवावेत. आजही कोणत्याही महत्त्वाच्या निकालातील बहुमत आणि भिन्नमत (बहुमताशी असहमत न्यायाधीशांचे मत) यांच्यात हाच वाद सुरू असतो.

एक निकाल जवळून पाहू

मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा 24 फेब्रुवारी 1803 रोजी दिलेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या विषयाची बाराखडी समजला जातो. तो वाचताना पहिला प्रश्न विचारावा: कोणी, कोणाकडून, नेमके काय मागितले?

1800 सालची निवडणूक हरलेले अध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी पायउतार होता होता कोलंबिया जिल्ह्यासाठी, म्हणजे राजधानीच्या प्रदेशासाठी, 42 जस्टिस ऑफ द पीस (किरकोळ खटले पाहणारे स्थानिक न्यायाधिकारी) नेमले. सिनेटने संमती दिली, अॅडम्स यांनी नियुक्तिपत्रांवर सह्या केल्या, शिक्काही उमटला. पण त्यांतली काही पत्रे 4 मार्च 1801 पूर्वी ज्याच्या त्याच्या हाती पोहोचली नाहीत. नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ती रोखून धरली. विल्यम मार्बरी आणि आणखी तिघे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी ही पत्रे द्यावीत असा परमादेश, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करायला लावणारा न्यायालयाचा हुकूम, त्यांनी मागितला. यात एक बाब नजरेआड करू नये: त्या पत्रांवर शिक्का मारणारे तत्कालीन परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल हेच आता सरन्यायाधीश म्हणून हा खटला ऐकत होते. आजच्या मापाने पाहिले, तर त्यांनी बाजूला व्हायला हवे होते.

दुसरा प्रश्न असा: न्यायालयाने मुद्दे कोणत्या क्रमाने घेतले? मार्शल यांनी तीन प्रश्न ठरवले. मार्बरीला पत्रावर हक्क आहे का? असल्यास कायद्यात त्याला काही उपाय आहे का? आणि तो उपाय याच न्यायालयाने द्यायचा आहे का? पहिल्या दोहोंचे उत्तर त्यांनी ‘होय’ दिले आणि तिसऱ्याचे ‘नाही’. एरवी न्यायालय आपल्या अधिकारितेचा, म्हणजे तो खटला ऐकण्याच्या अधिकाराचा, प्रश्न आधी सोडवते, कारण अधिकारिताच नसेल तर बाकीचे बोलणे व्यर्थ ठरते. मार्शल यांनी तो मुद्दाम शेवटी ठेवला आणि त्यामुळे सरकार बेकायदा वागले, हेही त्यांना नोंदवता आले. क्रमाकडे लक्ष न देणारा वाचक या निकालातला सर्वांत कुशल भाग हुकवतो.

तिसरा प्रश्न म्हणजे टक्कर नेमकी कुठे आहे. 1789च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या 13व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला असे परमादेश काढण्याचा अधिकार दिला आहे, असे मार्शल यांनी वाचले. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने मात्र त्या न्यायालयाची मूळ अधिकारिता (खटला अपिलात नव्हे, तर थेट ऐकण्याचा अधिकार) राजदूत, वकिलाती आणि एखादे राज्य पक्षकार असलेले खटले एवढ्यापुरती मर्यादित ठेवली आहे. घटनेने आखलेली ही मर्यादा साध्या कायद्याने वाढवता येत नाही, म्हणून 13व्या कलमाचा तेवढा भाग निष्प्रभ ठरला. इथे थांबून विचारावे की, टक्कर टाळता आली असती का? अनेक अभ्यासकांच्या मते 13वे कलम वेगळ्या तऱ्हेने, म्हणजे अधिकारिता आधीपासून असेल तिथेच परमादेश काढता येईल असे, वाचता आले असते आणि मग घटनेचा प्रश्नच उपस्थित झाला नसता. मलाही हे वाचन अधिक सरळ वाटते. कायद्याचे दोन अर्थ निघत असतील, तर त्याला घटनेत बसवणारा अर्थ आधी घ्यावा, असा दंडक आज बहुतेक न्यायालये पाळतात. त्यामुळे प्रत्येक निकालात हा प्रश्न विचारणे भाग आहे.

चौथा प्रश्न कारणांचा. मार्शल म्हणतात की, लेखी घटनेला साध्या कायद्याने मागे सारता येत असेल, तर ती लिहिण्यात काही अर्थच उरत नाही. कायदा काय आहे हे सांगणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. आणि दोन नियम परस्परविरोधी असतील, तर खटला निकाली काढण्यासाठी त्यांतला एक निवडावाच लागतो. युक्तिवाद भक्कम आहे, पण त्यात एक फट राहते. घटना पाळण्याची शपथ विधिमंडळाचे सदस्यही घेतात. मग त्यांच्या वाचनापेक्षा न्यायालयाचे वाचन वरचढ का? याचे पुरे उत्तर त्या निकालात नाही. निकालाचा आदर ठेवूनही त्यातली फट दाखवता येते आणि ती दाखवता यायला हवी.

शेवटी, कोणाच्या हाती काय पडले हे पाहावे. मार्बरीला नियुक्तिपत्र कधीच मिळाले नाही. जेफरसन सरकारला कोणताही हुकूम मिळाला नाही, त्यामुळे धुडकावण्यासारखे काही उरले नाही. न्यायालयाने कायद्याने दिलेला एक लहानसा अधिकार नाकारला आणि कायदेच तपासण्याचा फार मोठा अधिकार पदरात पाडून घेतला. त्यानंतर राष्ट्रीय विधिमंडळाचा कायदा रद्द व्हायला 1857 साल उजाडले.

हीच पद्धत इतर निकालांना लावताना

अधिकाराचा आधार देशागणिक बदलतो, म्हणून आधी मजकूर शोधावा. अमेरिकेच्या घटनेत पुनर्विलोकनाचा थेट उल्लेख नाही. भारतीय संविधानात आहे: कलम 13 मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरवते, कलम 32 सर्वोच्च न्यायालयाकडे आणि कलम 226 उच्च न्यायालयांकडे दाद मागण्याची वाट मोकळी करते. ऑस्ट्रियाने 1920 साली कायदेपंडित हान्स केल्सन यांच्या विचारांवर वेगळा मार्ग काढला आणि हे काम सर्व न्यायालयांकडे न देता एका खास घटना न्यायालयाकडे सोपवले. जर्मनीचे कार्ल्सरूह येथील न्यायालय 1951 पासून त्याच घडणीचे आहे. नेदरलँड्सच्या घटनेचे कलम 120 तर संसदेच्या कायद्यांची घटनात्मकता तपासण्यास न्यायालयांना मनाईच करते. तेव्हा एका देशातील निकालाचे मोजमाप दुसऱ्या देशाला लावण्यापूर्वी हे पान उघडून पाहावे.

प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला आहे, हेही पाहावे. फ्रान्समध्ये 1958च्या घटनेने नेमलेल्या घटना परिषदेकडे सुरुवातीला मोजकेच पदाधिकारी जाऊ शकत; 1974 मध्ये 60 खासदारांना तो हक्क मिळाला आणि सामान्य पक्षकाराला चालू खटल्यात हा प्रश्न काढता येऊ लागला तो 2010 पासून. दार किती उघडे आहे, यावर त्या अधिकाराचा नागरिकाला होणारा उपयोग अवलंबून असतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो कसोटीला. हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा कोणत्या मापाने मोजला, हे न्यायालयाने सांगितले आहे का? मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1952चा निकाल यासाठी आदर्श आहे. एखादी संघटना बेकायदा जाहीर करण्याचा अधिकार मद्रास सरकारला देणारी तरतूद तिथे आव्हानाखाली होती. सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी प्रथम माप सांगितले: कोणत्या हक्कावर घाला येतो, निर्बंधाचा हेतू काय, ज्या अनिष्टाला आळा घालायचा ते किती मोठे आणि किती तातडीचे, निर्बंध त्या मानाने अतिरेकी आहे का आणि त्या वेळची परिस्थिती कशी होती. मग हे माप त्या तरतुदीच्या एकेका अंगाला लावले. संघटना घातक आहे की नाही, हे सरकारच्या स्वतःच्या समाधानावर ठरत होते. सल्लागार मंडळाची तपासणी बहुतांशी एकतर्फी होती. अधिसूचना संघटनेपर्यंत नीट पोहोचवण्याची पुरेशी सोय नव्हती आणि तरीही सदस्यांना शिक्षा होऊ शकत होती. या कारणांनी ती तरतूद टिकली नाही. आधी माप आणि मग मोजणी, हा क्रम ज्या निकालात सापडत नाही आणि ‘जनहित’ किंवा ‘स्वातंत्र्य’ या शब्दांवरच सारे भागवलेले असते, त्या निकालाकडे तो आपल्या मनासारखा असला तरी संशयाने पाहावे.

मोठ्या पीठाच्या निकालात न्यायाधीश मोजावे लागतात. केशवानंद भारती खटल्यात 24 एप्रिल 1973 रोजी 13 न्यायाधीशांनी 11 स्वतंत्र निकालपत्रे दिली आणि निर्णय 7 विरुद्ध 6 असा झाला. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित, म्हणजे स्पष्ट लिहिलेल्या नसल्या तरी अभिप्रेत असलेल्या, मर्यादा आहेत असे सहा जण म्हणत होते, तशा मर्यादा नाहीत असे दुसरे सहा जण म्हणत होते आणि न्या. हंसराज खन्ना या दोहोंच्या मधे उभे होते. संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत संरचना नष्ट करू शकत नाही, हे सूत्र बहुमताचे ठरले ते त्यांच्यामुळे. म्हणून कोणत्या मुद्द्यावर किती न्यायाधीश एकत्र आहेत, याचा तक्ता कागदावर करावा. एका निकालपत्रातील देखणे वाक्य म्हणजे न्यायालयाचा निर्णय नव्हे. त्याच निकालाने कलम 31गमधील (इंग्रजीत 31C), न्यायालयाला तपासणीच नाकारणारा भाग रद्द केला, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

भिन्नमत कधीही गाळू नये. 1976 साली आणीबाणीतील स्थानबद्धतेच्या खटल्यात चार न्यायाधीशांनी नागरिकाला दाद मागण्याचा मार्गच बंद केला. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. 2017 साली गोपनीयतेच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा असल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवून मोडीत काढला. अमेरिकेत वर्णभेदी व्यवस्थेला 1896 साली मिळालेली मान्यता शाळांच्या बाबतीत 1954 साली एकमताने संपुष्टात आली, तेव्हाही न्या. हार्लन यांचे 1896चे एकाकी भिन्नमत काळाच्या कसोटीला उतरले होते.

शेवटी आदेशाचा भाग येतो. कायदा पूर्ण रद्द झाला, त्याचा एक भाग रद्द झाला, की अर्थ संकुचित करून तो वाचवला? दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 2005 साली समलिंगी विवाहाच्या खटल्यात संसदेला दुरुस्तीसाठी 12 महिने दिले आणि संसदेने 2006 मध्ये कायदा केला. ब्रिटनमध्ये 1998च्या मानवी हक्क कायद्याखाली न्यायालय केवळ विसंगतीची घोषणा करू शकते, कायदा मात्र चालूच राहतो. 2004 साली परकीय संशयितांच्या बेमुदत स्थानबद्धतेविरुद्ध अशी घोषणा झाली, तेव्हा कोणतीही सक्ती नसताना संसदेने पुढच्या वर्षी ती व्यवस्था बदलली.

हा अधिकार हवा कशासाठी

बहुमत चुकत असेल तर पुढच्या निवडणुकीत लोकच त्याला बदलतील, मग न्यायालय कशाला, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यावे लागते. मला सर्वांत पटणारे उत्तर अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मतदारसंघांत सापडते. तिथले मतदारसंघ 1901 नंतर लोकसंख्येप्रमाणे बदललेच गेले नव्हते. दरम्यान शहरे वाढली, तरी विधिमंडळावर पकड राहिली ती थोड्या लोकवस्तीच्या भागांची. हे बदलायचे तर कायदा करावा लागणार होता. आणि तो करायचा होता त्याच विधिमंडळाने, ज्याचे सदस्य या विषमतेमुळेच निवडून येत होते. नागरिकाने कितीही वेळा मत दिले तरी दार आतूनच बंद होते. 1964 साली रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य विधिमंडळांचे मतदारसंघ लोकसंख्येने समान असले पाहिजेत, असा निर्णय दिला. इथे न्यायालयाने लोकांच्या मताला पुन्हा वजन मिळवून दिले. मतदानाचा रस्ता अडलेला असणे, किंवा एखादा गट कायमच अल्पसंख्य राहील इतका लहान असणे, या ठिकाणी पुनर्विलोकनाची गरज सर्वाधिक असते.

पण हाच अधिकार घातकही ठरला आहे. 1857च्या ज्या निकालाचा वर उल्लेख केला, तो ड्रेड स्कॉट खटल्याचा. त्यात न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला अटकाव करणारा कायदा रद्द केला. ती चूक दुरुस्त व्हायला यादवी युद्ध आणि 1868ची चौदावी घटनादुरुस्ती यावी लागली. म्हणून वाचनाच्या अखेरीस स्वतःची एक परीक्षा घ्यावी: हेच कारण आपल्याला नावडत्या पक्षाच्या बाजूने वापरले गेले असते, तर ते आपण मान्य केले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण निकालाचे परीक्षण केलेले नसून फक्त फळ पसंत केले आहे.

निकालानंतरचा मागोवाही ठेवावा, कारण शेवटचा शब्द नेहमी न्यायालयाचाच असतो असे नाही. कॅनडाच्या 1982च्या हक्कसनदेचे कलम 33 विधिमंडळाला काही हक्क पाच वर्षांपुरते बाजूला ठेवून कायदा चालवण्याची मुभा देते. उलट 1957 साली अर्कान्सासमधील लिटल रॉक येथे वर्णभेदविरोधी निकाल अमलात आणण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले.

सरावासाठी सुरुवात मार्बरी खटल्यापासूनच करावी. तो एका बैठकीत वाचून होतो. त्यानंतर व्ही. जी. रो घ्यावा. केशवानंद भारतीकडे वळताना संपूर्ण निकाल पहिल्याच पानापासून वाचण्याचा अट्टहास न धरता न्या. खन्ना यांचे निकालपत्र आधी वाचावे आणि मग प्रत्येक मुद्द्यावर बाकीचे बारा जण त्यांच्या कोणत्या बाजूला उभे आहेत, ते समासात नोंदवत जावे.